काम मी थांबवलं आणि पळपुटाही मीच ठरलो

तासगाव रस्त्याला बेदाण्याच्या गोदामाचं काम घेतलं होतं, मालासकट. 500 च्या स्टॅम्पवर करार झाला. चालू बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल, मोजमाप झाल्यापासून 15 दिवसांत द्यायचं, असं त्यात स्पष्ट होतं. मालक बोलायला गोड. साइटवर आला की गवंड्यांना वडा-चहा ठरलेला. पहिली दोन बिलं वेळेवर दिली आणि तिथंच मी गाफील झालो.

स्लॅबनंतरचं तिसरं बिल 4 लाख 80 हजारांचं. "सौदे झाले की देतो," म्हणाला. सौदे झाले. मग "भाव पडलाय, जरा दम धरा." मधल्या काळात माल चढवायचा ओटा, शौचालय, कुंपणाची भिंत, असं तोंडी सांगून वाढवून घेतलं. स्टीलवाल्याची उधारी अंगावर घेऊन मी ते करतही राहिलो. आज स्वतःचाच राग येतो.

अडीच महिने गेले. एका शनिवारी माणसांचा आठवड्याचा पगार भागवायला खिशात काही नव्हतं. चिडून फोन केला, "पैसे येईपर्यंत काम बंद." मुकादमाला माणसं हलवायला सांगितलं. मालक एवढंच म्हणाला, "बरं, तुमची मर्जी." इतका थंड आवाज ऐकून तेव्हाच शंका यायला हवी होती.

दहाव्या दिवशी त्याच्या वकिलाची नोटीस घरी. ठेकेदार काम अर्धवट टाकून पळाला, नुकसानभरपाई द्या. साइटवर गेलो तर गेटला नवं कुलूप, आत माझा मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि दुसऱ्याची माणसं. ओट्यावर फरशी पडलेली. खालचा भराव किती केला, ते आता दाखवणार कसं?

विजयनगरला कोर्टाकडं जाऊन एका वकीलसाहेबांना कागद दाखवले. 1872 च्या करार कायद्यातली 51 ते 54 ही कलमं एकमेकांना दिलेल्या वचनांची आहेत, एकानं आपल्या पाळीचं केलं नाही तर दुसऱ्याला काही आधार मिळतो, असं ते म्हणाले. पण बिल थकलं म्हणून काम थांबवण्याचा सरळ हक्क आपल्याकडं करारातच लिहून घ्यावा लागतो. इंग्लंडात 1996 च्या कायद्यानंच तो दिलाय, आणि तिथंही किमान 7 दिवसांची लेखी नोटीस लागते. मोठ्या प्रकल्पांत चालणाऱ्या, फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या करार-नमुन्यात 21 दिवसांची. माझ्या करारात कामाला उशीर झाला तर दंडाचं कलम होतं, काम थांबवण्याचं नव्हतं. करार मालकानंच टाइप करून आणलेला, मी चहा पीत सही ठोकली होती.

साहेबांनी विचारलं, थांबवण्याआधी काय लिहून दिलं? माझ्याकडं एक ओळ नव्हती. किती बिल, कधीपासून थकलं, अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास काम थांबेल, असं पोचपावतीनं एक पत्र गेलं असतं तर "पळाला" म्हणायला त्याला जड गेलं असतं. माणसं हलवायच्या दिवशी झालेल्या कामाची मोजमापं घेऊन, फोटो काढून, साइटवरच्या सामानाची यादी करून त्याची सही मागायची होती. सही नाही दिली तर तीच यादी त्याला पाठवायची. जादा कामाला निदान व्हॉट्सअॅपवर "हो" तरी घ्यायचं.

झालेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायला तीन वर्षांची मुदत असते. मी मुदतीत दावा लावलाय. तारखा पडतायत, प्लेटा अजून आतच आहेत.

परवा माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराला त्याच मालकाचा फोन आला, माधवनगरकडच्या कामासाठी. करार तसाच, टाइप करून तयार. त्यानं काम थांबवण्याचं कलम घाला म्हटल्यावर पुन्हा फोन आला नाही.