पन्नाशीच्या पुढे असाल तर इथे फी भरू नका
भोसरी-चाकण पट्ट्यात मेंटेनन्स, टूलरूमच्या नोकऱ्या लावून देणारी एक प्लेसमेंट एजन्सी आहे, नाव लिहीत नाही. वय 52, सगळा अनुभव सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनच्या मेंटेनन्सचा, फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं तरी रजिस्ट्रेशन फी आधी घेतली आणि मग म्हणे काका, कंपन्यांना 35 च्या आतलेच लागतात, सीव्हीतून जन्मतारीख काढून टाका. अहो मग फी घ्यायच्या आधीच सांगायचं ना! ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पूर्ण पेन्शन 58 ला, तोवर घर कसं चालवायचं? स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारा माणूस यांना ओव्हरक्वालिफाइड वाटतो, खरंच संताप येतो. रिसेप्शनवरची मुलगी तेवढी नीट बोलायची, फोन उचलायची, म्हणून एक स्टार. फी परत मागितलीये, अजून उत्तर नाही.