रविवारचा संस्कारवर्ग, नौपाडा

श्लोक पाठ करून घेतील म्हणून नातवाला घातलं, निघालं भलतंच. पहिल्याच दिवशी संविधानातली ११ मूलभूत कर्तव्यं. त्यातलं अकरावं २००२ साली आलं आणि ते मुलांसाठी नाही, आईबापांसाठी आहे: सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिकायची संधी द्यायची. मलाच माहीत नव्हतं हो! मग तलावपाळीवर नेऊन निर्माल्य वेगळं करायला लावलं. पठ्ठ्या घरी आला तो हाताला कुजक्या झेंडूचा वास घेऊन. दानाचा नियम कडक. घरून पैसे मागायचे नाहीत, स्वतःचं काहीतरी द्यायचं. याने बॅट दिली. रात्री रडला, पण परत मागितली नाही. फोटो मात्र फार काढतात बुवा. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचेही. ते मी बाईंना तोंडावर सांगितलं. जूनमध्ये धाकटीलाही घालतेय.