फेरो रॉड, ८ मिलिमीटर: चार तारे, पाचवा पट्टीनं घालवला

फेरो रॉड म्हणजे पोलादी पट्टीनं घासून ठिणग्या पाडायची आणि आग पेटवायची धातूची कांडी. पाकिटावरच्या चित्रात एक हात रॉड घासतो आणि समोर भडका. मी पहिल्या दिवशी अर्धा तास घासत होतो. भडका सोडा, धूरसुद्धा नाही. शेजारी उकिडवी बसलेली लेक शेवटी म्हणाली, "बाबा, काडेपेटी आणू का?"

निम्मी चूक माझी. रॉडवर काळ्या रंगाचा थर असतो, तो आधी खरवडून काढायचा असतो. निम्मी कंपनीची, कारण सोबत दिलेल्या पोलादी पट्टीची कड चक्क गोल होती. मी धंद्यानं फिटर, कडेवरून बोट फिरवलं आणि हसूच आलं. कानस मारून कड काटकोनात आणली, आणि पुढच्याच झटक्याला ठिणग्यांचा पाऊस. कानस नसेल तर चाकूची पाठ वापरा. धार वापराल तर चाकू वाया जाईल.

चकमकीत गारगोटी पोलादाचा बारीक कीस काढते आणि पेटतं ते पोलाद. इथं कीस निघतो रॉडचाच, आणि त्यातला सीरियम हा धातू हवा लागताच पेट घेतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञानं १९०३ साली रॉडचा हा मिश्रधातू शोधून काढला. लायटरमधला खडा म्हणजे हाच. ठिणगी ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, पण टिकते निमिषभर. तेवढ्यात धरेल असं काहीतरी खाली हवं, आणि ते पाकिटात मिळत नाही.

यातच आमचे दोन आठवडे गेले. वाळलेलं गवत नुसतं ठेवलं तर ठिणग्या त्यातून खाली गळून जातात. तळहातात चोळून त्याचा भुगा होईपर्यंत मळलं, मग धरलं. पाणथळ जागी वाढणाऱ्या पाणकणसाचा कापूस भस्सकन पेटतो आणि काडी पुढे सरकवेपर्यंत संपतो. तो मळलेल्या गवतात मिसळला तर काम होतं. सगळ्यात भरवशाची निघाली ती मेलेल्या फांदीची आतली साल, धागे सुटेपर्यंत पिंजलेली. तिचं पाखराच्या घरट्यासारखं वेटोळं करायचं, मधल्या खळग्यात भुगा. वर आधी काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या. मोडताना कट्‌ आवाज आला नाही तर ती काटकी बाजूला.

आणखी एक खोड मोडावी लागली. पट्टी पुढे ढकलली की हात घरट्यावर आपटतो आणि सगळं उधळतं. पट्टी जागच्या जागी धरून रॉड मागे ओढायचा. हे लेकीला पहिल्यांदा जमलं, मला नंतर.

रॉड भिजला तरी चालतो, हा दावा खरा आहे. रॉड बादलीत बुडवला, पुसला, ठिणग्या तशाच. गवत ओलं असेल तर मात्र काही उपयोग नाही. ओला रॉड तसाच ठेवू नका, गंजून भुकटी सुटते. मी तेलाचा हात फिरवून ठेवतो. सराव उघड्या मातीवर, वारा पडलेला असताना आणि भरलेली बादली शेजारी ठेवूनच करतो. राखेत हात घालून गार लागेपर्यंत उठत नाही.

पट्टीसाठी एक तारा कापला. रॉड आता लेकीच्या सॅकमध्ये गेलाय, मी कानस मारलेल्या पट्टीसकट. मी दुसरा मागवलाय. त्याच्या पट्टीचीही कड गोलच असणार.