रेसिडेंटचं ई-लॉगबुक: समितीच्या खुर्चीतून
ई-लॉगबुक म्हणजे रेसिडेंटने (एमडी-एमएस शिकणाऱ्या डॉक्टरने) केलेल्या कामाची संगणकावरची नोंदवही. मेडिकल कॉलेजच्या पदव्युत्तर समितीच्या अध्यक्षाने ते निवडताना आधी बघावं, नोंदीवर तारीख कोणती पडते. इथे पारखलेल्या सॉफ्टवेअरमध्ये शस्त्रक्रियेची आणि नोंद भरल्याची, अशा दोन्ही दिसतात. झकास. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांप्रमाणे रेसिडेंटने लॉगबुक दर आठवड्याला भरायचं, गाईडने (त्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकाने) दर महिन्याला तपासायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री रंगवलेलं लॉगबुक इथे लगेच उघडं पडतं. पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं, हे रकानेही वेगळे.

घोळ होतो तो ‘सर्व मंजूर’ या बटणापाशी. एका क्लिकमध्ये ४० नोंदी न वाचता पास! ते बटण बंदच करून घ्या. शिवाय अभ्यासक्रमात जिल्हा रुग्णालयात काढायच्या ३ महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरांना वेगळं लॉगिन नाही. तेवढ्या नोंदी सहीविना लटकतात.