प्रोकॅल्सिटोनिन चाचणी आणि घरून नमुने नेण्याची सेवा: नाशिकमधील एक अनुभव

गेल्या पावसाळ्यात नाशिकमधील एका खासगी प्रयोगशाळेने इंदिरानगरच्या आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या रक्ताचे नमुने नेले. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे आणि त्याहून अधिक प्रोकॅल्सिटोनिन या, जिवाणूंचा संसर्ग किती गंभीर आहे याचा अंदाज देणाऱ्या, महागड्या रक्तचाचणीविषयी. प्रयोगशाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा एकाच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही.

आई ६८ वर्षांची असून तिला जुना मधुमेह आहे. लघवीची जळजळ तिने दोन दिवस नेहमीप्रमाणे अंगावर काढली. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून १०३ पर्यंत ताप चढला आणि उजव्या बाजूला, पाठीत बरगडीच्या खाली, हात लावू देईना इतके दुखू लागले. सकाळी डॉक्टर घरी आले, त्यांनी त्या जागी मुठीने हलकेच थोपटून पाहिले तेव्हा आई कळवळली. संसर्ग किडनीपर्यंत पोहोचला असावा, असे ते म्हणाले. पण जंतू किडनीतच आहेत की रक्तात उतरले आहेत, याची त्यांना जास्त काळजी होती. त्यांचे मत तिला दाखल करावे असेच होते. आई मात्र ‘सलाईन लावायची तर इथेच लावा’ म्हणून अडून बसली. तेव्हा रक्त आणि लघवीचे नमुने आधी घ्यावेत, लगेच इंजेक्शन द्यावे आणि अहवाल आला की पुढचे ठरवावे, असे ठरले.

प्रयोगशाळेच्या ‘फीवर प्रोफाइल’मध्ये सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) आणि लघवीची साधी तपासणी होती. प्रोकॅल्सिटोनिनचे वेगळे २,४०० रुपये पडले. सीआरपीच्या कितीतरी पट पैसे कशासाठी द्यायचे, हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला. त्यांनी समजावले ते असे: सीआरपी यकृतात तयार होते, संसर्गानंतर ते वाढू लागायला सहा ते बारा तास लागतात, शिखर गाठायला साधारण दोन दिवस, आणि सांधे सुजले तरी ते वाढते. प्रोकॅल्सिटोनिन एरवी थायरॉईड ग्रंथीतील पेशींमध्ये कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचे पूर्वरूप म्हणून तयार होते आणि निरोगी माणसाच्या रक्तात दर मिलिलिटरला ०.०५ नॅनोग्रॅमहूनही कमी असते (पुढचे त्याचे आकडेही याच एककात). जिवाणूंचा संसर्ग अंगभर पसरू लागला की शरीरातील इतर अनेक ऊतीही ते बनवू लागतात, आणि तीन-चार तासांतच आकडा चढू लागतो. ०.५ च्या खाली गंभीर संसर्गाची शक्यता कमी आणि २ च्या वर धोका बराच, असा ढोबळ ठोकताळा वापरला जातो.

नेदरलँड्समधील एका अभ्यासाचा डॉक्टरांनी उल्लेख केला. लघवीच्या संसर्गामुळे ताप आलेल्या ५८१ रुग्णांचा तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २३ टक्के रुग्णांच्या रक्तात जंतू सापडले होते. ०.२५ ही सीमा धरली तर अशा शंभरांतले सुमारे पंच्याण्णव ओळखता येत होते, मात्र रक्तात जंतू नसलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा आकडाही त्या सीमेच्या वरच होता. म्हणजे आकडा कमी आला तर बराचसा दिलासा मिळतो, जास्त आला तर त्यावरून जंतू रक्तात आहेतच असे सिद्ध होत नाही, आणि कोणता जंतू व त्यावर कोणते औषध हे तर ही चाचणी मुळीच सांगत नाही. त्यासाठी ब्लड कल्चरच, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याची चाचणी, लागते. प्रयोगशाळेच्या पॅकेजमध्ये नेमके तेच नव्हते, ते वेगळे सांगावे लागले.

नमुना घ्यायला आलेला मुलगा वेळेवर आला, शीर पहिल्याच टोचणीत सापडली आणि कल्चरच्या बाटलीचे रबरी झाकण त्याने स्पिरिटने पुसून वाळूही दिले. मात्र तो कल्चरची एकच बाटली घेऊन आला होता. डॉक्टरांनी दोन्ही हातांतून वेगवेगळे, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त हवे असे लिहून दिले होते, कारण त्वचेवरचा एखादा जंतू चुकून बाटलीत गेला तर दुसऱ्या बाटलीवरून ते कळते आणि रक्त कमी पडले तर असलेला जंतूही निसटतो. दुसरी बाटली येईपर्यंत पाऊण तास गेला आणि इंजेक्शन तेवढे लांबले. या पाऊण तासाबद्दल माझी तक्रार आहे. त्यातच त्या मुलाने भरलेली बाटली इतर नळ्यांबरोबर बर्फाच्या डब्यात ठेवायला घेतली. कल्चरच्या बाटल्या गार करायच्या नसतात, हे डॉक्टरांनी त्याला तिथेच सांगितले म्हणून बरे झाले.

दुपारी चारला अहवाल मोबाईलवर आला: सीआरपी १४८, प्रोकॅल्सिटोनिन ६.८. आईचा हट्ट त्या आकड्यापुढे टिकला नाही आणि संध्याकाळी मुंबई नाक्याजवळच्या रुग्णालयात तिला दाखल केले. तिथे लगोलग सोनोग्राफी झाली, कारण खड्याने मूत्रमार्ग अडला असेल तर रक्तातला आकडा काहीही असो, तुंबलेली लघवी आधी मोकळी करावी लागते. सुदैवाने अडथळा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाटल्यांत वाढ दिसल्याचा फोन आला, तिसऱ्या दिवशी ई. कोलाय हे जंतूचे नाव आणि त्यावर चालणाऱ्या औषधांची यादी मिळाली, आणि इंजेक्शन त्यानुसार बदलले गेले.

प्रोकॅल्सिटोनिन चौथ्या दिवशी पुन्हा केले तेव्हा ते १.१ होते. नवे तयार होणे थांबले की साधारण दिवसभरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, त्यामुळे उपचार लागू पडत आहेत की नाही हे अशा दुसऱ्या चाचणीतून चांगले कळते. माझ्या मते पहिल्या चाचणीपेक्षा या दुसऱ्या चाचणीचे पैसे अधिक वसूल झाले. ज्यांच्या किडनी मुळातच अधू आहेत किंवा ज्यांची नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यात मात्र हा आकडा संसर्गावाचूनही चढलेला असू शकतो.

पहिल्या अहवालावर नमुना घेतल्याची वेळ नव्हती, फक्त अहवाल छापल्याची होती. तासातासाने बदलणाऱ्या आकड्यासाठी २,४०० रुपये घेताना ही चूक मला अक्षम्य वाटते. मी तसे लेखी कळवले. दुसऱ्या अहवालावर कोपऱ्यात निळ्या शाईने ‘सकाळी ७.४०’ असे हाताने लिहिलेले होते.