गो भाषा वापरून झाल्यावर: वेग कमी चालेल, एक्सई उघडली पाहिजे

किराणा दुकानांच्या बिलिंगचा माझा प्रोग्राम आधी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत होता. तो गो या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला आणि पहिले काही महिने मी खरोखर खूश होतो. बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल बनवताना, दोन व्हेरिएबल (सेटिंग) बदलली की लिनक्स लॅपटॉपवरूनच विंडोजची एक्सई, म्हणजे थेट उघडणारी प्रोग्रामची फाइल, तयार. पेनड्राइव्हवर टाकायची, दुकानात कॉपी करायची, काम झालं.

अडलं ते एसक्यूलाइटपाशी, म्हणजे प्रोग्रामची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसपाशी. गोला त्याच्याशी जोडणारा, जास्त वापरला जाणारा ड्रायव्हर सीगोवर (गोमधून सी भाषेचा कोड वापरायची सोय) बेतलेला, म्हणजे आत खरा सीचा कोड. दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करताना सीगो आपोआप बंद होतं. बिल्ड बिनतक्रार होतो आणि डेटाबेस उघडायला गेलं की एरर. मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठी सीचा कोड बिल्ड करणारं साधन) लावून हे सुटतं, पण मग ज्या सोयीसाठी गो घेतली तीच गेली. म्हणून सीचा कोड यंत्राने गोमध्ये उतरवलेला ड्रायव्हर घेतला. तो हळू आहे. महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट काढताना जाणवतं. काउंटरवर मात्र बिल कधीच सेव्ह झालेलं असतं आणि सगळे थर्मल प्रिंटरकडे बघत उभे असतात. तिथे आणखी वेग घेऊन करायचंय काय?

इथवर पाचपैकी पाच दिले असते. मग विंडोज ७ आडवं आलं. माझी सुरुवात गोच्या १.२० आवृत्तीवर झाली होती. ऑगस्ट २०२३मध्ये आलेल्या १.२१पासून गोला किमान विंडोज १० लागतं. अपडेट दिल्यावर एका दुकानात प्रोग्राम उघडेचना. मालक म्हणाले, "मशीन चांगलं चालतंय, बदलायचं कशाला?" बरोबरच आहे त्यांचं. त्या मशीनवर इंटरनेटही नाही, फक्त बिलं निघतात. तेवढ्यासाठी कुणाला नवा पीसी घ्यायला लावणं मला पटत नाही.

अशा दुकानांसाठी आता वेगळी एक्सई १.२०वरच बनवतो. फेब्रुवारी २०२४मध्ये १.२२ आलं तेव्हा १.२०च्या दुरुस्त्या थांबल्या, आणि ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्यांना नवीन गो लागते. म्हणजे ती एक्सई आहे तिथेच अडकली. हळू ड्रायव्हरचा मला कधी एवढा राग आला नाही.

पायथनकडे परतून उपयोग नाही, ३.९पासून त्यानेही विंडोज ७ सोडलंय. रस्ट या आणखी एका भाषेतही विंडोजसाठीच्या नेहमीच्या टार्गेटना (बिल्डच्या प्रकारांना) १.७८पासून विंडोज १० लागतं. त्यामुळे गो सोडत नाही. पाचाचे चार केलेत, आणि विंडोज ७वाल्या दुकानांकडून वर्षाचे अपडेटचे पैसे घेणं बंद केलंय.