लेजर की ट्रेझर? दोन हार्डवेअर वॉलेटची सांगलीतून केलेली तुलना

वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चलने चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. तेव्हापासून सांगली-मिरजेतील माझ्या ओळखीचे गुंतवणूकदार एकच प्रश्न विचारतात: क्रिप्टोची किल्ली स्वतःकडे ठेवणारे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण, लेजरचे घ्यावे की ट्रेझरचे? लेजर नॅनो एस प्लस आणि ट्रेझर सेफ ३ ही दोन्ही उपकरणे वापरून झाल्यावर माझा कौल ट्रेझरकडे झुकला आहे, पण तो निर्विवाद नाही. बाजारात आली तेव्हा दोन्हींची किंमत ७९ डॉलरच होती, त्यामुळे पैशांचा मुद्दा येथे फारसा उरत नाही.

दोन्हींचे मूळ काम सारखेच आहे. नाणी ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामाईक डिजिटल नोंदवहीतच असतात. त्यांवर हक्क देणारी खासगी किल्ली उपकरणात तयार होते, व्यवहारावर सहीही तेथेच होते आणि संगणकाकडे फक्त सही झालेला व्यवहार जातो. मात्र कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, म्हणून उपकरणाच्या पडद्यावर उमटलेला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. दोन्हींचे पडदे बोटाच्या पेराएवढे आणि एकरंगी आहेत, बटणेही दोनच. बिटकॉइनचा ४२ अक्षरी पत्ता त्यावर वाचताना चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांची परीक्षाच होते. हा कंटाळा टाळणे परवडणारे नाही. वझीरएक्सच्या प्रकरणात सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती, असे कंपनीनेच सांगितले आहे; संगणकावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती.

लेजर ही फ्रेंच कंपनी. तिच्या उपकरणातील सुरक्षा चिप भक्कम आहे, पिन तीनदा चुकला की उपकरण स्वतःला पुसून टाकते आणि सोबतचे अ‍ॅप नवख्या माणसालाही सहज जमते. अडचण अशी की तिचे फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर, पूर्णपणे खुले नाही. मे २०२३ मध्ये कंपनीने ‘रिकव्हर’ ही ऐच्छिक सेवा जाहीर केली, जिच्यात सीडचे, म्हणजे सगळ्या किल्ल्या पुन्हा मिळवून देणाऱ्या शब्दांचे, कूटबद्ध तुकडे करून ते तीन कंपन्यांकडे ठेवले जातात. सेवा घेण्याची सक्ती नव्हती, तरी ग्राहक खवळले, कारण फर्मवेअरने ठरवले तर सीड उपकरणाबाहेर जाऊ शकते हे त्यातून उघड झाले. माझ्याही मनातील शंका तेव्हापासूनची आहे.

ट्रेझर प्रागच्या सातोशीलॅब्सचे. २०१४ मध्ये आलेले त्यांचे पहिले मॉडेल हेच या जातीचे बाजारातील पहिले उपकरण मानले जाते. त्यांचे फर्मवेअर कोणालाही वाचता येते. जुन्या मॉडेलांत सुरक्षा चिप नव्हती आणि उपकरण हाती लागल्यास सीड काढता येते हे क्रॅकेन या क्रिप्टो एक्सचेंजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. सेफ ३ मध्ये ती चिप आली. तरीही २०२५ मध्ये लेजरच्याच संशोधक चमूने सेफ ३ च्या मायक्रोकंट्रोलरमधील, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या मुख्य चिपमधील, कच्चा दुवा दाखवला. प्रतिस्पर्ध्याने शोधला म्हणून तो खोटा ठरत नाही. मी त्यावर पासफ्रेजची, म्हणजे स्वतः ठरवलेल्या जादा परवलीच्या शब्दांची, जोड देतो. ती उपकरणात साठवलेली नसते, त्यामुळे नुसते उपकरण उघडून चोराच्या हाती काही लागत नाही. पण ती विसरली तर मालकालाही दार बंदच.

उपकरण बिघडले किंवा हरवले तर नवे घेता येते. खरी मालमत्ता म्हणजे ते सुरू करताना मिळणारे सीडचे शब्द, आणि सांगलीत राहणाऱ्याने येथे सर्वांत जास्त विचार करावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा कित्येक घरांत खरेदीखते आणि गुणपत्रिका भिजून त्यांचा लगदा झाला. दोन्ही कंपन्या शब्द लिहिण्यासाठी कागदी कार्डेच देतात. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलची जाड पट्टी आणि इंग्रजी अक्षरे ठोकण्याचे पंच आणावेत. खाली लोखंडी ठोकळा ठेवून पंच सरळ धरावा आणि हातोडीचा एकच जोरकस घाव घालावा, कारण दुसऱ्या घावाला अक्षर दुहेरी उमटते. हे शब्द ज्यातून निवडले जातात त्या नेहमीच्या २०४८ शब्दांच्या यादीत पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द नाहीत, म्हणून चारच अक्षरे ठोकली तरी पुरतात. शब्दांचे क्रमांक मात्र विसरू नयेत. हे काम कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपला देणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटण्यासारखे आहे. मोबाईलने फोटो काढणेही तितकेच वाईट.

याच ठिकाणी ट्रेझरचा एक तोटा जाणवतो. नवे सेफ ३ आपणहून २० शब्दांचा बॅकअप देते आणि तो लेजरवर चालत नाही. पुढे कंपनी बदलण्याची मोकळीक हवी असेल तर सुरुवातीलाच जुन्या पद्धतीचा १२ किंवा २४ शब्दांचा पर्याय निवडावा. लेजर मुळातच २४ शब्द देते.

कॅनडातील कॉइनकाइटचे कोल्डकार्ड केवळ बिटकॉइनसाठी आहे. संगणकाला न जोडता मेमरी कार्डवरून व्यवहार करण्याची त्याची पद्धत मला आवडली, परंतु पहिलेच उपकरण म्हणून मी ते सुचवणार नाही.

खरेदी कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, सीमाशुल्क सोसावे लागले तरी. सेकंडहँड तर नकोच. लेजरच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली, सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक उघड झाले, आणि पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट उपकरणेही आली. म्हणून पार्सलसाठी घराऐवजी कार्यालयाचा पत्ता द्यावा. खोके उघडल्यावर कार्डावर शब्द आधीच छापलेले किंवा लिहिलेले आढळले, तर ते उपकरण सुरूसुद्धा न करता परत पाठवावे.